फिरतें घर केवढें असावें?

घर पाहावें बांधून, अशी आपल्याकडे जुनी म्हण आहे. परंतु घर बांधून झाल्यावरहि एक प्रश्न उरतोच, आणि तो म्हणजे हें घर किती दिवस पुरेल? आमच्या लहानपणीं वडिलोपार्जित वाड्यांत एका पंक्तीला चौदा माणसें बसत; आज त्याच वाड्यांतील चार खोल्यांना कुलपें आहेत. भिंती होत्या तेथेंच उभ्या राहिल्या. कुटुंब मात्र वाढलें, विभागलें आणि ओसरलें. भिंतींच्या घराशीं आपण निमूटपणें जुळवून घेतों, कारण दुसरा उपाय नसतो. पण जें घर चाकांवर चालतें आणि केवळ हौसेसाठीं विकत घ्यावयाचें असतें, तें केवढें घ्यावें याचा विचार आधीं करतां येतो. म्हणूनच तो केला पाहिजे.

सारी हयात मुलांना शब्दरूपें आणि समास घोकविण्यांत गेलेल्या निवृत्त शिक्षकाला या विषयाची उठाठेव कशाला, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर असें कीं, आज आपल्यापैकीं पुष्कळ घरांतील एखादा मुलगा किंवा मुलगी अमेरिकेंत, कॅनडांत वा ऑस्ट्रेलियांत संसार करून असते, आणि तिकडे ‘कॅम्पर’ म्हणजे चाकांवरचें घर हा संसारांतला एक मोठा खर्चाचा विषय होऊन बसला आहे. आपल्या महाराष्ट्र सरकारनेंहि २०२१ सालीं कारवान-पर्यटनाचें धोरण जाहीर केलें, तेव्हां हा विषय अगदींच सातासमुद्रांपलीकडचा राहिलेला नाहीं. आमच्यापुरतें सांगावयाचें तर आमचे धाकटे चिरंजीव कोलोराडो संस्थानांत डेन्व्हर शहराजवळ राहतात. त्यांच्या घरीं याच प्रश्नावरून जो खल झाला, त्यांत आम्हांलाहि पडावें लागलें. त्यांतून जें शिकलों तें वाचकांपुढें ठेवावें, एवढाच येथें हेतु आहे.

प्रथम थोडा पूर्वेतिहास. हौसेसाठीं म्हणून मुद्दाम बांधविलेलें पहिलें फिरतें घर १८८५ सालीं इंग्लंडांतील ब्रिस्टल येथें तयार झालें. बांधविणारे गृहस्थ आरमारांतले निवृत्त शस्त्रवैद्य आणि मुलांसाठीं साहसकथा लिहिणारे लेखक डॉ. गॉर्डन स्टेबल्स. त्यांच्या या ‘वाँडरर’ नांवाच्या गाडीला दोन घोडे जुंपीत, आणि रस्त्यावरील लोकांना इशारा देण्यासाठीं त्यांचा नोकर तीनचाकी सायकलवर पुढें जात असे. सामान भरल्यावर गाडीचें वजन दोन टनांच्या घरांत जाई आणि चढावर घोड्यांचा जीव मेटाकुटीस येई. म्हणजे पहिल्या दिवसापासूनच या घरांपुढचा प्रश्न एकच आहे : आंत सुख किती हवें, आणि तें ओढावयाचें कोणीं? घोडे गेले, मोटारी आल्या. प्रश्न तोच राहिला.

आज या घरांचीं मुख्य कुळें दोन. एक स्वतः चालणारीं, आणि दुसरीं मोटारीच्या मागें जोडून ओढावयाचीं. आमच्या जुन्या संवयीनें आम्हीं त्यांना कर्तरि आणि कर्मणि अशीं नांवें दिलीं, आणि नातवंडांनीं तीं पाठहि केलीं.

कर्तरि वर्गांत ए, बी आणि सी असे तीन प्रकार आहेत. अक्षरांचा क्रम पाहून ‘बी’ हा मधला असेल असें कोणी समजेल तर फसेल, कारण बी हाच सर्वांत लहान. बी म्हणजे मालवाहू व्हॅनच्या पोटांत बसविलेलें घर; लांबी साधारण १८ ते २४ फूट, खरी सोय दोघांची. सी प्रकारांत चालकाच्या डोक्यावर एक शय्या पुढें आलेली असते. लांबी २० पासून ३० फुटांच्या पुढेंहि जाते, आणि मुलेंबाळें असलेल्या कुटुंबांना तो मानवतो. ए म्हणजे जवळजवळ बसगाडीच. ४० फुटांचे आणि त्याहूनहि लांब नमुने निघतात.

कर्मणि वर्गांत सर्वांत धाकटें थेंबाच्या आकाराचें घर. त्यांत दोघांनीं निजावें, आणि मागचें झांकण उचलून उघड्यावर स्वयंपाक करावा. त्याच्यावर घडीचें घर : खालीं पेटी, वर कापडाच्या भिंती, रस्त्यावर बुटकें, मुक्कामीं ऐसपैस, पण पावसांत भिजलें तर घरीं आणून पुन्हां उघडून वाळवावें लागतें, नाहींतर बुरशी धरतें. त्यानंतर पक्क्या भिंतींचें घर, तेरा-चौदा फुटांपासून पस्तीस फुटांच्या पलीकडेपर्यंत. शेवटचें ‘पांचव्या चाकाचें’ घर. त्याचा जोड मोठ्या पिकअप ट्रकच्या हौद्यांत, मागच्या आंसाच्या वर बसतो; म्हणून तें स्थिर चालतें, पण तसा ट्रक पदरीं असल्यावांचून त्याचा विचारहि करूं नये.

आतां आमच्या चिरंजिवांची गोष्ट. घरांत तीं उभयतां, तेरा वर्षांची नात आणि सात वर्षांचा नातू. वर्षाकांठीं वीसेक रात्रीं तीं डोंगरांत तंबू ठोकून राहतात. गेल्या उन्हाळ्यांत आम्ही दोघें तिकडे गेलों तेव्हां, ‘आईच्या गुडघ्यांना तंबू सोसणार नाहीं,’ म्हणून चिरंजिवांनीं सी प्रकारची ३१ फुटी गाडी एका आठवड्यासाठीं भाड्यानें आणली. विकत घेण्यापूर्वीं परीक्षाहि होईल, हा त्यांत दुसरा हेतु.

परीक्षा झाली खरी, पण गाडीची नव्हे, आमचीच. रॉकी माउंटन राष्ट्रीय उद्यानांतील अ‍ॅस्पनग्लेन नांवाच्या मुक्कामस्थळीं जागा राखून ठेवलेली होती. तेथें ३० फुटांहून लांब गाडीला जागा नाहीं. जागा राखतांना लांबीचा रकाना चिरंजिवांनीं घाईंत भरला होता. दोष सर्वस्वी आमच्याच घरचा. सायंकाळीं सहा वाजतां परत फिरून एस्टेस पार्क गांवांत दुपटीनें दर देऊन एका खाजगी आवारांत रात्र काढावी लागली. दुसऱ्या दिवशीं ओल्ड फॉल रिव्हर रोड या जुन्या, एकेरी वाटेनें डोंगरावर जाण्याचा बेत होता. त्या वाटेवर २५ फुटांहून लांब वाहनांस आणि ओढून नेण्याच्या घरांस मुळींच मज्जाव. मग ट्रेल रिज रोडनें गेलों. तो रस्ता १२,१८३ फुटांवर चढतो आणि तेथून दिसणारी शिखरें पाहून जन्माचें सार्थक झाल्यासारखें वाटतें. पण थांबावयाच्या जागा भरलेल्या, आणि आमची गाडी दोन गाड्यांची जागा अडविणारी. चार रम्य स्थळें आम्हीं खिडकीतूनच मागें टाकलीं.

असें असूनहि परत आल्यावर चिरंजिवांनीं जें ठरविलें तें ऐकून आम्ही चकित झालों. त्यांचें म्हणणें असें कीं, आतां २८ फुटी ओढावयाचें घर घ्यावयाचें. त्यांत पुढच्या बाजूस दार असलेली एक निराळी खोली असते, ती आई-नानांची. मागच्या बाजूस मुलांच्या दोन शय्या, आणि मधल्या बैठकीवर उभयतां. त्यासाठीं असलेली मोटार काढून मोठा ट्रक घ्यावा लागणार होता, आणि दोहोंसाठीं मिळून पंधरा वर्षांचें कर्ज. सूनबाई कांहीं बोलल्या नाहींत. त्या नुसत्या ओट्यावरची भांडीं पुसत होत्या, आणि पुसलेलीं भांडीं पुन्हां पुसत होत्या, हें आमच्या लक्षांत आलें.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं वही मागितली. हिशेब मांडावयाचा तर तो कागदावरच, ही आमची जुनी शिस्त. तो हिशेब येथें देतों, कारण कोणत्याहि कुटुंबाला हींच कलमें लागतील.

पहिलें कलम वजनाचें. चिरंजिवांची असलेली मोटार ५,००० पौंडांपर्यंत ओढूं शकते, आणि जोडाच्या आंकड्यावर ५०० पौंडांपर्यंत भार सोसते. विक्रेता घराचें जें वजन सांगतो तें बहुधा रिकाम्या घराचें असतें. दाखल्यासाठीं २० फुटी घर घेऊं : रिकामें ३,९०० पौंड. त्यांत ४० गॅलन पाणी भरलें. एक गॅलन म्हणजे ८.३४ पौंड, म्हणून ३३४ पौंड. गॅसचीं दोन भरलेलीं नळकांडीं ७५ पौंड. अंथरुणें, भांडीं, धान्य, खुर्च्या, कपडे मिळून ६०० पौंड. एकूण ४,९०९. पांच हजारांच्या आंत बसलें, म्हणून मुलगा खुश होतो. पण शिक्षकानें येथें लाल शाई काढावी. घर रस्त्यावर डोलूं नये म्हणून त्याच्या एकंदर वजनाच्या १० ते १५ टक्के भार जोडावर यावा लागतो. १२ टक्के धरले तर ५८९ पौंड झाले, आणि मोटारीची मर्यादा ५००. म्हणजे विसांचें घरहि नापास. मग अठ्ठाविसांच्या घराची गोष्टच नको.

त्याच रीतीनें १७ फुटी घर पाहिलें : रिकामें २,९००, पाणी २५ गॅलन म्हणजे २०८, गॅस ७५, सामान ५००, एकूण ३,६८३ पौंड, आणि जोडावर ४४२. हें पास. मोटारीच्या दारावर आणखी एक चिठ्ठी असते. माणसें आणि सामान मिळून किती भार चालेल तें तीवर लिहिलेलें असतें. येथें तो आंकडा १,३५० पौंड होता. जोडावरचा भार यांतच धरावा लागतो, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. आम्ही सहाहि जण बसलों तर ७५० आणि जोडाचे ४४२ मिळून १,१९२ झाले. तेव्हां मोटारींत आणखी सामान कोंबण्यास फारसा वाव नव्हता.

शिवाय तो मुलूख डोंगराळ. डेन्व्हरहून पश्चिमेस जाणारा हमरस्ता आयसेनहॉवर बोगद्यापाशीं ११,००० फुटांहून उंच चढतो. विरळ हवेंत साध्या इंजिनाची शक्ति दर हजार फुटांमागें सुमारें तीन टक्के घटते. म्हणजे माथ्यावर तिसरा हिस्सा शक्ति गेलेली, आणि पलीकडे लांब उतार. अशा ठिकाणीं मर्यादेला भिडलेलें वजन ओढणें म्हणजे स्टेबल्ससाहेबांच्या घोड्यांचे हाल पुन्हां करणें होय.

दुसरें कलम लांबीचें. घराच्या नांवांत असलेला आंकडा हा पुष्कळदां नुसत्या पेटीचा असतो. पुढची जोडदांडी धरली कीं तीन-एक फूट वाढतात. मुक्कामस्थळीं मोजतात ती ही सगळी लांबी. जेथें वारंवार जावयाचें त्या स्थळांच्या मर्यादा आधीं पाहाव्यात, मग घर पाहावें. घराजवळ तें उभें करण्यास वस्तीचे नियम परवानगी देतात कीं नाहीं, हेंहि पाहावें. नाहींतर दरमहा जागेचें भाडें बसतें.

तिसरें कलम शय्यांचें. ‘आठजण निजूं शकतात’ अशी पाटी पाहून भुलूं नये. त्या आठांत जेवणाचें मेज मोडून केलेली शय्या आणि बैठक ओढून केलेली शय्या धरलेली असते. जो मेजावर निजणार तो इतरांचें आटोपेपर्यंत निजूं शकत नाहीं, आणि सकाळीं त्याला उठविल्याशिवाय कोणाला चहा मिळत नाहीं. आमचें मत असें कीं, निजणारांपेक्षां बसणारे मोजावे. दिवसभर पाऊस लागला आहे अशी कल्पना करून सगळ्यांनीं दुकानांतल्या घरांत अर्धा तास जाऊन बसावें. एक स्वयंपाक करतो, एक पुस्तक वाचतो, एक रुसला आहे. इतकें होऊनहि वाट मोकळी राहिली तर घर पुरेसें आहे.

चौथें कलम वयाचें, आणि हेंच सर्वांत महत्त्वाचें. नवपरिणितांना थेंबाएवढें घर पुरतें. तान्हें मूल आलें कीं ऊब, पाणी आणि तान्ह्याला ठेवण्यास सपाट जागा लागते. मुलें शाळकरी झालीं कीं एकावर एक शय्या सोयीच्या. पण त्या अरुंद असतात, आणि पोर खांद्याला लागलें कीं त्यांत मावत नाहीं. नंतर मुलें येईनाशीं होतात. वृद्धांना पायऱ्या कमी, धरण्यास दांडा, रात्रीं जवळ शौचकूप, आणि दोहों बाजूंनीं उतरतां येईल अशी शय्या लागते. कोपऱ्यांतल्या शय्येवरून जोडीदाराला ओलांडून उतरणें साठीनंतर धोक्याचें. म्हणजे आयुष्यभर पुरेल असें एकच घर नाहीं. तेव्हां पुढचीं चार-पांच वर्षें डोळ्यांपुढें ठेवावीं, शक्य तर जुनें घ्यावें, कारण नव्याची किंमत पहिल्या वर्षींच झपाट्यानें उतरते. आणि गरज बदलली कीं मोह न धरतां विकावें.

हें सांगून आम्हीं वहीच्या पुढच्या पानावर दोन रकाने पाडले. गेल्या सात वर्षांत मुलाच्या कुटुंबानें बाहेर काढलेल्या रात्रीं सुमारें १४०. त्यांत आम्ही दोघें होतों त्या ९. खालीं आणखी एक ओळ लिहिली : कर्जाचा शेवटचा हप्ता फिटेल तेव्हां नात २८ वर्षांची, नातू २२ वर्षांचा. त्यापुढें आमचा आंकडाहि लिहिला होता, ८२. तो मोठ्यानें वाचला नाहीं. चिरंजिवांनीं तो वाचलाच.

ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “नाना, तुम्ही स्वतःला पाहुणे समजतां काय? तुमच्या खोलीचा असा हिशेब करवत नाहीं मला.”

आमच्याजवळ उत्तर नव्हतें. व्याकरणाच्या कोणत्याहि सूत्रांत तें सांपडलें नसतें. उत्तर दिलें तें आमच्या गृहिणीनें. ती म्हणाली, “अरे, आपल्या वाड्यांत मला कधीं खोली होती? लग्न होऊन आलें तेव्हां माजघरांत सासूबाईंजवळ अंथरूण घालीत होतें. सकाळीं तें गुंडाळलें कीं तेथेंच पानें मांडायचीं. खोली नव्हती म्हणून का मी त्या घरची नव्हतें? आमच्यासाठीं कर्ज काढूं नकोस. आम्ही आलों म्हणजे अंथरूण घाल, एवढें पुरे.” आणि मग सूनबाईंकडे वळून म्हणाली, “तूं बोल गं. भांडीं झालीं पुसून.”

सूनबाई बोलल्या. पंधरा वर्षांच्या हप्त्यांचा आंकडा त्यांनींहि आठवडाभर मनांत वागविला होता. पण सासूसासऱ्यांची खोली नको म्हणणारी सून कशी व्हावें, म्हणून त्या मुकाट होत्या. त्या घटकाभरांत त्या घरांतलें जें ओझें उतरलें, तें पौंडांत मोजण्याजोगें नव्हतें.

आपल्याकडे अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात. त्याचा अर्थ आम्ही आजवर केवळ काटकसर असा शिकवीत आलों. आतां वाटतें, त्यांत आणखीहि कांहीं आहे. एकत्र कुटुंब म्हणजे प्रत्येकाला खोली नव्हे. प्रत्येकासाठीं अंथरूण घालण्याची तयारी. जुन्या माजघरांत एकच जागा जेवणाची, निजण्याची, बाळंतिणीची आणि पोथीची होत असे. आज कॅम्पर बांधणारे कारागीर मेजाची शय्या करतात आणि शय्येची बैठक करतात, ती तीच युक्ति आहे.

तेव्हां आमचा सल्ला थोडक्यांत असा. ज्या रात्रीं नेहमींच्या असतात त्यांच्या मापाचें घर घ्यावें. सणासुदीच्या रात्रींसाठीं तंबू, सतरंजी किंवा भाड्याची खोली आहेच. आधीं ओढणाऱ्याची ताकद पाहावी, मग ओझें ठरवावें. आणि घरांतल्या वडील माणसांनीं आपली सोय पोरांच्या हिशेबांत मुकाट्यानें वाढूं देऊं नये. मोकळेपणानें वही मागावी.

चिरंजिवांनीं पुढें १७ फुटी जुनें घर घेतलें. आम्हीं तें अजून पाहिलेलें नाहीं. गुडघे आणि व्हिसा यांचें जमेल तेव्हां पाहूं. मात्र मागल्या महिन्यांत सूनबाईंचा निरोप आला. मेजाची शय्या त्यांनीं टेपानें स्वतः मोजली : लांबी ६ फूट २ इंच, रुंदी साडेतीन फूट. “आईंना ऐसपैस होईल,” त्यांनीं लिहिलें आहे; “नानांना मात्र नातवाबरोबर बाहेर तंबूंत निजावें लागेल. नातवानें त्यांची बाजू आतांच ठरवून ठेवली आहे.”